ट्रान्सजेनिक (जीनमध्ये बदल केलेल्या) उंदरांची बिहेवियर टेस्ट घेताय? आधी पिंजऱ्यात वाकून बघा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझे नॉकआउट उंदीर, म्हणजे एक जीन उडवलेले, अचानक भलतेच पळायला लागले. ओपन फील्डच्या, म्हणजे हालचाल मोजायच्या मोकळ्या बॉक्समध्ये सोडले की नुसती भिरभिर, आणि त्यांचे वाइल्ड टाइप (जीन शाबूत असलेले) भाऊबंद कोपऱ्यात बसून निवांत मिश्या पुसतायत. मी मनातल्या मनात पेपरचं टायटलसुद्धा ठरवून टाकलं होतं. मग दुसरी बॅच मोठी झाली, जीन तोच, बॉक्स तोच, कॅमेरा तोच, आणि फरक गायब. सर म्हणाले जीनोटायपिंग, म्हणजे कोण नॉकआउट आणि कोण नाही याची तपासणी, परत कर. केलं, बरोबर होतं. पुन्हा केलं, तरी बरोबर. पंधरा दिवस डोक्याला नुसता ताप.

शेवटी उत्तर मिळालं ते अ‍ॅनिमल हाउसच्या काकांकडून, तेही सहज बोलता बोलता. "ताई, मध्ये सकाळी आलो की खोलीत अंधारच असायचा, म्हणून मी आपला दिवा लावायचो." झालं असं होतं की मे महिन्यात वळवाच्या पावसात सारखी लाईट जायची, यूपीएसवर फ्रीजर आणि पिंजऱ्यांचे ब्लोअर होते पण दिव्यांचा टायमर नव्हता, आणि तो टायमर जुना, फिरत्या चकतीवाला, लाईट गेली की जागेवर थांबायचा आणि आली की तिथूनच पुढे. असं थोडं थोडं करत तो तीन तास मागे पडला. म्हणजे सकाळी सातला उजाडायचं ते दहाला. काका साडेआठला येऊन वेगळ्या बटणाने दिवा लावणार, रविवारी ते नसले की दहालाच. मी नऊला टेस्ट सुरू करायचे तेव्हा उंदरांच्या हिशोबाने रात्र जेमतेम संपत होती, आणि रात्र म्हणजे त्यांची धावपळीची वेळ. त्यात माझं शहाणपण असं की आधी सगळे नॉकआउट उरकायचे आणि जेवून आल्यावर वाइल्ड टाइप. मग नॉकआउट पळणार नाहीत तर काय करणार.

तेव्हापासून मी नवीन जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) आला की त्याला आधी पिंजऱ्यांच्या खोलीत उभं करते. पीसीआर, प्रायमर, स्टॅटिस्टिक्स सगळे शिकवतात, पिंजरा कोणी शिकवत नाही. म्हणून हे लिहितेय.

आणि हे फक्त आपल्याकडच्या लाईट जाण्यामुळे होतं असं समजू नका. १९९९ मध्ये क्रॅब, वॉलस्टेन आणि ड्युडेक यांचा 'सायन्स'मधला पेपर आला, या विषयातला सगळ्यात जास्त झोप उडवणारा. अमेरिकेतलं ऑलबनी, तिथलंच पोर्टलंड आणि कॅनडातलं एडमंटन, अशा तीन ठिकाणी त्यांनी एकाच वेळी तेच प्रयोग केले. आठ प्रकारचे उंदीर, त्यातला एक म्हणजे सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा एक रिसेप्टर उडवलेला नॉकआउट, सहा टेस्ट, उपकरणं सारखी, वय सारखं, प्रोटोकॉल सारखा, अगदी टेस्टच्या तारखासुद्धा सारख्या. तरी आकडे लॅबप्रमाणे बदलले. जातीजातींमधले मोठे फरक बऱ्यापैकी टिकले, पण बारीक फरक, म्हणजे नॉकआउटमध्ये आपण नेमके जे शोधत असतो ते, कुठे दिसले कुठे नाही. त्यात नोंदवलेली एक गंमत मला फार आवडते. एडमंटनमध्ये टेस्ट घेणाऱ्या एका व्यक्तीला उंदरांची जबर अ‍ॅलर्जी होती आणि ती तोंडावर रेस्पिरेटर लावून काम करायची. आता उंदराने त्यात काय पाहिलं, काय ऐकलं, कोण सांगणार!

दुसरं उदाहरण हंटिंग्टन या मेंदूच्या आजाराच्या उंदरांचं. आर६/१ नावाची लाइन (एकाच जीन-बदलाच्या उंदरांचा वंश), माणसाच्या हंटिंग्टिन जीनचा पहिला तुकडा त्यात घातलेला, १९९६ मध्ये लंडनमध्ये बनवलेली. हंटिंग्टन हा तसा शंभर टक्के जीनचाच आजार, एक बिघडलेली कॉपी आली की आजार येणार, यात परिस्थितीला जागा कुठाय असं कुणालाही वाटेल. पण २००० मध्ये 'नेचर'मध्ये व्हॅन डेलेन, हॅनन आणि मंडळींनी दाखवलं की याच उंदरांना पिंजऱ्यात पुठ्ठ्याचे, कागदाचे, प्लॅस्टिकचे तुकडे दिले आणि ते अधूनमधून बदलत राहिलं, तर हालचालीतली लक्षणं उशिरा येतात. पुठ्ठ्याने! जीन तिथेच, तसाच. म्हणजे रिकाम्या पिंजऱ्यातला उंदीर हा काही 'नॉर्मल' मोजमापाचा उंदीर नसतो, तो रिकाम्या पिंजऱ्यातला उंदीर असतो.

आता कामाचं बोलू.

पहिलं: कोण कोणासोबत राहतंय

नॉकआउट एका पिंजऱ्यात आणि वाइल्ड टाइप दुसऱ्या पिंजऱ्यात, असं कधीही करू नका. बाहेरून विकत आणलेले वाइल्ड टाइप कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, वापरायचे तर अजिबातच नाही, त्यांची आई वेगळी, प्रवास वेगळा, पोटातले जंतू वेगळे. हेटेरोझायगस (जीनची एक कॉपी शाबूत, एक उडवलेली) जोड्या लावा, एकाच वेतातली पिल्लं घ्या, २१ दिवसांच्या आसपास दूध तोडताना नर-मादी वेगळे करा पण जीनोटाइपने वेगळे करू नका. टेस्ट घेणाऱ्याला कोण कोण आहे ते माहीत नसावं, कानाच्या खुणेचा नंबर फक्त. आणि टेस्टचा क्रम चिठ्ठ्या टाकून काढा, माझ्यासारखं सकाळ-दुपार करू नका.

पण एकत्र ठेवले म्हणजे सुटलो असंही नाही. न्यूरोलिगिन-३ हा ऑटिझमशी जोडलेला जीन, त्याच्या नॉकआउटवर २०१७ मध्ये कार्डिफच्या एका ग्रुपने काम केलं, त्यात दिसलं की नॉकआउट भावंडांसोबत राहिल्याने वाइल्ड टाइपचंच वागणं बदलतं. संगतीचा परिणाम म्हणतात तो हाच. त्यामुळे प्रत्येक पिंजऱ्यात किती नॉकआउट आणि किती वाइल्ड टाइप होते ते लिहून ठेवा, आणि जमत असेल तर पिंजरा हा अ‍ॅनालिसिसमध्ये एक घटक म्हणून घ्या. एका पिंजऱ्यातले चार उंदीर म्हणजे चार सुटे आकडे नव्हेत.

एकटा ठेवलेला उंदीर वेगळा वागतो, जास्त घाबरट किंवा जास्त चिडका, आणि त्याला थंडीही जास्त वाजते. नर भांडले म्हणून वेगळे केलेत ना, मग तो उंदीर गटात राहणाऱ्यांच्या डेटात गुपचूप घालू नका. बाल्ब/सी जातीचे नर भांडखोर, सी५७ जातीचे त्यामानाने बरे, पण सी५७मध्ये दुसरी खोड असते, एकमेकांच्या मिश्या आणि तोंडावरचे केस उपटायची. पिंजऱ्यात तिघे सफाचट आणि एक मिशाळ दिसला की समजायचं, मिश्या शाबूत असलेला तोच न्हावी. बिनमिश्यांचा उंदीर अंधारात चाचपडतो, मग त्याच्यावर मिश्यांनी वस्तू ओळखायची टेस्ट घेऊन काय उपयोग. टेस्टच्या आधी एकेकाचं तोंड बघायची सवय लावा, दहा सेकंद लागतात.

घरटं आणि थंडी

हा भाग लोक सगळ्यात हलक्यात घेतात. आपण एसी २२ ला लावतो कारण गाउन, मास्क, ग्लोव्ह्ज घालून आपल्याला घाम येतो. उंदराला आरामाचं तापमान ३० च्या आसपास लागतं. म्हणजे आपल्या सोयीच्या खोलीत तो जन्मभर थोडा कुडकुडतच असतो, आणि शरीर गरम ठेवायला खात असतो. याने जीनचा निकाल उलटा लागू शकतो. यूसीपी१ हा ब्राउन फॅटमध्ये उष्णता तयार करणारा प्रोटीन, तो काढला तर उंदीर लठ्ठ होईल असं वाटायचं, पण नेहमीच्या खोलीत तसं झालं नाही. २००९ मध्ये स्वीडनच्या ग्रुपने तेच उंदीर ३० अंशांजवळ ठेवले, तेव्हा ते लठ्ठ झाले. खोलीच्या तापमानानेच उत्तर लपवून ठेवलं होतं.

बरं, आपण काही सगळी खोली ३० वर नेऊ शकत नाही, काका राजीनामा देतील. उपाय उंदराकडेच आहे, त्याला सामान द्या. चिमूटभर टिश्यू नाही, पिंजऱ्याला ८-१० ग्रॅम कागदाच्या लांब पट्ट्या द्या, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) करून. लांब पट्ट्यांनी घरटं विणलं जातं, चुऱ्याने नाही. भाताच्या तुसावर किंवा मक्याच्या कणसाच्या बेडिंगवर (पिंजऱ्याच्या तळाशी अंथरतात ते) तो घरटं करूच शकत नाही, ते लघवी शोषायला आहे, झोपायला नाही.

आणि मग सकाळी ते घरटं बघा, कारण तीच एक फुकटची बिहेवियर टेस्ट आहे. ऑक्सफर्डच्या डीकनने २००६ मध्ये याची साधी पद्धत लिहून ठेवलीय. संध्याकाळी उंदीर एकटा ठेवायचा, दाबलेल्या कापसाचा साधारण ३ ग्रॅमचा चौकोन टाकायचा, सकाळी १ ते ५ मार्क द्यायचे. चौकोन तसाच पडलेला असेल तर १. नुसता कुरतडून पिंजराभर पसरला असेल तर मधले मार्क. आणि उंदराच्या उंचीपेक्षा वर गेलेल्या भिंती, मध्ये खळगा, वरून बघितलं तर अर्धवट मिटलेल्या कमळासारखं, असं असेल तर ५. माझ्या एका नॉकआउट लाइनमध्ये मेझ-बिझ (भूलभुलैयाच्या टेस्ट) मध्ये काही दिसायच्या आधी घरट्यातच फरक दिसला होता, ३ च्या वर कोणी जाईचना.

यात एक मेख आहे. मिक्स पिंजऱ्यात घरटं वाइल्ड टाइप भावंडं बांधतात आणि नॉकआउट महाराज त्यात जाऊन झोपतात. तोच नॉकआउट एकटा ठेवला की त्याला घरटं जमत नाही, तो रात्रभर गारठतो, जास्त खातो, हालचाल बदलते, आणि आपण लिहितो की या जीनचा संबंध भुकेशी आहे. असेलही, पण आधी त्याला बांधलेलं घरटं देऊन बघा.

रॅक, उजेड, आवाज

रॅकवर सगळ्यात वरचा पिंजरा ट्यूबलाईटखाली असतो, खालचा सावलीत. पांढऱ्या उंदरांच्या डोळ्यांना जास्त उजेड सोसत नाही, रेटिना (डोळ्याचा आतला पडदा) खराब होतो, आणि मग तो उंदीर मॉरिस वॉटर मेझमध्ये, म्हणजे पाण्यात लपवलेला प्लॅटफॉर्म शोधायच्या टेस्टमध्ये, पोहत बसतो पण प्लॅटफॉर्म सापडत नाही, आपण म्हणतो मेमरी गेली. लक्स मीटर (उजेड मोजायचं यंत्र) घ्या, नसेल तर मोबाइलचं अ‍ॅप अंदाजापुरतं चालेल, आणि पिंजऱ्याच्या आत मोजा, खोलीत नाही. वरच्या रांगेवर एक काळी शीट टाका किंवा दर आठवड्याला पिंजरे वर-खाली फिरवा. एका जीनोटाइपचे सगळे पिंजरे एकाच रांगेत येणार नाहीत हे तर बघाच. (जाता जाता: एफव्हीबी आणि सी३एच जातींमध्ये आरडी१ नावाचं, रेटिना बिघडवणारं म्युटेशन असतं, ते उंदीर दूध तुटेपर्यंतच जवळपास आंधळे झालेले असतात. तिथे पिंजऱ्याला दोष देऊ नका.)

रात्री खोलीत अंधार म्हणजे अंधार. दाराच्या काचेतून कॉरिडॉरचा दिवा येत असेल तर काळा कागद लावा, रात्री मोबाइलचा टॉर्च मारत आत जाऊ नका, जायचंच असेल तर मंद लाल दिवा, लाल त्यांना फारसा दिसत नाही. आणि टायमर बॅटरीवाला डिजिटल घ्या बाबांनो, काही शेकड्यांत येतो.

आवाजाचं लोकांना उलटं माहीत असतं. पुण्यात गणपती आले की सगळे म्हणतात आता ढोल, आता डेटा गेला. खरं तर एक किलोहर्ट्झच्या खालचं उंदराला जवळपास ऐकूच येत नाही, ढोलाचा घुमारा बहुतेक तिथलाच. इमारत हादरली तर ते हादरे मात्र त्याला पायातून कळतात, आणि ताशाचा कडकडाट ऐकू येतोच. याउलट तो ८० किलोहर्ट्झच्याही वर ऐकतो, आपलं संपतं २० ला. म्हणजे ट्रॉलीचं करकरणारं चाक, गळका नळ, किल्ल्यांचा जुडगा, काही मॉनिटर, हे सगळं आपल्याला शांत वाटतं आणि त्याच्या कानात किंचाळत असतं. एफएमआर१ नॉकआउट, म्हणजे फ्रॅजाइल एक्स या जनुकीय आजाराचं मॉडेल, किंवा डीबीए/२ जातीची लहान पिल्लं असतील तर मोठ्या कर्कश आवाजाने त्यांना फिट येते, कधी कधी मरतात. तिथे फायर अलार्मची चाचणी कधी आहे ते आधी विचारून ठेवा. लक्ष्मीपूजन ते पाडवा मी टेस्ट लावतच नाही.

हवा खेळती ठेवणारे आयव्हीसी पिंजरे स्वच्छ असतात, पण आत तासाला पन्नासेक वेळा हवा बदलते, वाऱ्याचा झोत लागतो, ब्लोअरची थरथर असते. साध्या पिंजऱ्यातले आणि आयव्हीसीतले उंदीर एका प्रयोगात मिसळू नका, एवढंच.

पिंजरा साफ करण्याचा दिवस

उंदराचं घर म्हणजे वास. आपण स्वच्छ पिंजऱ्यात टाकतो तेव्हा त्याच्या दृष्टीने घर लुटलेलं असतं, पहिले काही तास नुसती वळवळ, हुंगणं, नरांची मारामारी. त्यामुळे पिंजरा बदलला त्या दिवशी टेस्ट नाही, दुसऱ्या दिवशीही शक्यतो नाही. नरांचा पिंजरा बदलताना थोडंसं जुनं घरटं नवीन पिंजऱ्यात टाका, पण लघवीने भिजलेला भुसा टाकू नका, घरट्याने भांडणं कमी होतात आणि त्या भुशाने वाढतात. हे काकांना नीट समजावून सांगा, कारण स्वच्छता म्हणजे सगळं फेकायचं असं त्यांना इतकी वर्षं आपणच शिकवलंय.

उचलायची पद्धत: शेपटीला धरून उचलणं सगळेच शिकतात आणि सगळेच चुकतात. हर्स्ट आणि वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं की पारदर्शक नळीत शिरवून किंवा दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतलेले उंदीर खूपच कमी घाबरतात. आमच्याकडे आता प्रत्येक पिंजऱ्यात एक नळी पडलेलीच असते, तोच त्यांचा खेळ आणि तीच आमची लिफ्ट. पहिले आठ-दहा दिवस वेळ लागतो, मग ते स्वतःच शिरतात.

आणि माणूस बदलू नका. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या मोगिलच्या लॅबने २०१४ मध्ये छापलं होतं की पुरुष जवळ असेल तर, किंवा पुरुषाने घातलेला टी-शर्ट नुसता जवळ ठेवला तरी, उंदरांचा ताण वाढतो आणि वेदना कमी दिसते. आमच्या लॅबमधल्या मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आठवडाभर डिओ बदलून बदलून बघितले, उंदरांना काही फरक पडला नसावा, आम्हाला पडला. मुद्दा इतकाच की पूर्ण बॅच एकाच माणसाने घ्या आणि टेस्टच्या खोलीत आणल्यावर उंदरांना तासभर तरी नुसतं बसू द्या.

खेळणी द्यायची की नाही

द्या. सगळ्यांना सारखी द्या. जुनी भीती अशी की पिंजऱ्यात वस्तू टाकल्या की डेटा पसरतो, ती २००४ मध्ये वोल्फर, व्युर्बेल वगैरेंनी तीन लॅबमध्ये तपासून खोटी ठरवली. टिश्यू रोलची नळी, कुरतडायला लाकडाचा तुकडा, घरट्याचं सामान, बस झालं. भांडखोर नरांना प्लॅस्टिकचं घर नको, ते एक जण बळकावतो आणि दारात उभा राहतो.

धावायचं चाक मात्र विचार करून. चाकाने हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला आठवणींचा भाग) नवीन न्यूरॉन वाढतात, झोप बदलते, वजन बदलतं, तो सजावटीचा भाग नाही, तो उपचारच आहे. अल्झायमरच्या उंदरांमध्ये तर भरलेल्या पिंजऱ्याचे निकाल एकमेकांशी भांडतात, २००३ मध्ये एका ग्रुपला मेंदूत साचणारं अमायलॉइड प्रोटीन वाढलेलं दिसलं, २००५ मध्ये दुसऱ्या ग्रुपला कमी झालेलं, तेही जास्त पळणाऱ्यांमध्ये जास्त कमी. दोन्हीकडे पिंजऱ्यातलं सामान आणि बाकी तपशील सारखे नव्हते. म्हणून 'एनरिचमेंट (पिंजऱ्यात खेळणी-सामान) दिलं' इतकंच लिहून भागत नाही, काय, किती, किती दिवसांनी बदललं ते लिहा. आणि एकदा बॅच सुरू झाली की मध्येच काही नवीन टाकू नका, कितीही दया आली तरी. आयएईसीच्या (संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीच्या) फॉर्ममध्येही हे आधीच घाला, नाहीतर नंतर बदलायला मीटिंगची वाट बघत बसाल.

वही

खोलीच्या दाराला एक साधी वही बांधा, पेनसकट. पेन दोऱ्याने बांधा, नाहीतर तिसऱ्या दिवशी जातं. त्यात रोज: कमाल-किमान तापमान, आर्द्रता (जुलैत ही बघाच), दिवा किती वाजता लागलेला दिसला, लाईट गेली का, पिंजरे कधी बदलले, बेडिंगचं पोतं नवीन उघडलं का, शेजारी ड्रिलिंग चालू आहे का, आज कोण आत आलं. वही मराठीत ठेवा, इंग्लिशमध्ये ठेवली की काका त्यात काही लिहीत नाहीत आणि खोलीबद्दल सगळ्यात जास्त माहिती त्यांनाच असते. आमच्या वहीत एकदा नुसतं इतकंच होतं: "३ नंबर रॅक, रात्री पाणी बाटली गळली, उंदीर ओले." त्या पिंजऱ्यातले तीन उंदीर मी दुसऱ्या दिवशी रोटारॉडवर (तोल तपासायचा फिरता दांडा) चढवणार होते.

आणि फरक सापडलाच, तर सरांना लगेच मेल करू नका. दुसरी बॅच घ्या, मुद्दाम वेगळ्या रॅकवर, वेगळ्या महिन्यात, जमलं तर दुसऱ्या कोणाच्या हाताने. माझा तो पळणाऱ्या नॉकआउटचा डेटा अजून लॅपटॉपवर आहे, फोल्डरचं नाव 'टायमर'.